कच्चा लिंबू म्हणून घ्या, पण कायमचा कच्चा लिंबू ठेवू नका

ऑटिझम असलेल्या मुलाची आई पहिल्यांदा भेटते तेव्हा तिचा प्रश्न बोलण्याचा असतो. “ताई, हा बोलेल का?” मूल सहा-सात वर्षांचं झालं की विचारते, “शाळेत टिकेल का?” तिसरा प्रश्न बहुतेक आया उठून निघताना, दाराशी थांबून, हळू आवाजात विचारतात. “ह्याला कुणी खेळायला घेईल का हो?”

आज या तिसऱ्या प्रश्नाबद्दल बोलू. या प्रश्नावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. उत्तर आपल्याच गल्लीत सापडू शकतं आणि त्याला फारसा पैसाही लागत नाही. दोन-तीन मुलं लागतात, आणि त्यांना नीट समजावून सांगणारं एक मोठं माणूस लागतं.

एकटं राहणं वेगळं, एकटं पडणं वेगळं

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अशा अकरा मुलांचं वर्णन लिहिलं, तेव्हापासून ही अवस्था वैद्यकशास्त्रात ओळखली जाऊ लागली. पण ‘स्वमग्न’ या शब्दाने एक घोटाळा झाला आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, हे मूल स्वतःतच खूश आहे, त्याला कुणी नको आहे, मग कशाला त्रास द्या.

तसं नाही. २००० साली निरित बॉमिंगर आणि कॉनी कसारी या दोन संशोधक बाईंनी ऑटिझम असलेल्या, बोलू शकणाऱ्या मुलांनाच विचारलं. या मुलांनी इतर मुलांपेक्षा जास्त एकटेपणा वाटत असल्याचं सांगितलं. म्हणजे भिंतीकडे तोंड करून डब्यांची रांग लावणाऱ्या पोराला बाहेरचा लगोरीचा आवाज ऐकू येत असतो. आत कसं शिरायचं, ते त्याला कळत नाही.

अशा मुलाच्या मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. आईने लक्ष दिलं नाही म्हणून ऑटिझम होत नाही. लस दिल्यामुळेही होत नाही. लसीचा संबंध जोडणारा १९९८ सालचा इंग्लंडमधला लेख खुद्द छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला. नजर, करणी, मागच्या जन्माचं पाप, असलं तर काहीच नाही. एकापासून दुसऱ्याला हे लागतही नाही. आणि ‘पूर्ण बरा करतो’ म्हणून कुणी हजारो-लाखो रुपये मागत असेल, तर त्याच्या दारातून परत फिरा.

गैरसमज दोन्ही बाजूंनी

ऑटिझम असलेलं मूल शब्दाचा सरळ अर्थ घेतं. “उद्या ये” म्हटलं की सकाळी सहा वाजता दार वाजवतं. “जा, पळ इथून” असं कुणी थट्टेत म्हटलं की खरंच निघून जातं आणि परत येत नाही. समोरच्याला कंटाळा आलाय हे चेहऱ्यावरून त्याच्या लक्षात येत नाही. खेळाचे न सांगितलेले नियम त्याला दिसत नाहीत. कर्कश आवाज, धक्काबुक्की सहन होत नाही. जयंतीच्या मिरवणुकीत डीजे जवळ आला की जे मूल कान दाबून ओरडतं, ते नाटक करत नसतं. तो आवाज त्याला खरोखर त्रास देतो.

पण दुसरी बाजूही बघा. हे मूल हात फडफडवतं तेव्हा ते आनंदात आहे, हे बाकीच्या पोरांना कळत नाही. ते नजरेला नजर देत नाही म्हणजे ऐकत नाही असं नसतं, हेही त्यांना माहीत नसतं. डेमियन मिल्टन हे इंग्लंडमधले समाजशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी २०१२ साली नेमकं हेच मांडलं. एकमेकांना समजून घेण्यातली अडचण एकट्या ऑटिस्टिक माणसाची नसते, ती दोघांची असते.

मग शिकवायचं एकट्यालाच का?

कॉनी कसारी यांच्या गटाने अमेरिकेतल्या नेहमीच्या शाळांमध्ये एक प्रयोग केला. तोही २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑटिझम असलेली सहा ते अकरा वर्षांची ६० मुलं त्यात होती. काही मुलांना मोठ्या माणसाने एकट्याला बसवून मैत्रीचे धडे दिले. काहींच्या बाबतीत वर्गातल्या तीन मुलांना शिकवलं. मैदानावर कुणी एकटं दिसलं तर त्याला खेळात कसं घ्यायचं, हा त्यांचा धडा. कुणाचं नाव घेतलं नाही, बोट दाखवलं नाही. हे सहा आठवडे चाललं. जिथे वर्गमित्रांना शिकवलं होतं, तिथे ती मुलं मैदानावर कमी एकटी पडू लागली आणि ‘माझा मित्र’ म्हणून त्यांचं नाव जास्त मुलांनी घेतलं.

तेव्हा आपल्या लेकराला जरूर शिकवा. पण शेजारच्या लेकरांनाही शिकवा. निम्मं काम तिकडे आहे.

आधी आपल्या मुलाची आवड ओळखा

मैत्री आवडीवर जमते. तुमच्या मुलाला काय आवडतं ते वहीत लिहा. पंखे, बसचे नंबर, कॅलेंडर, पाणी, कुत्रे, रंग, गाणी, काहीही असेल. लोकांना वेडगळ वाटणारी आवडच पुष्कळदा मैत्रीचं दार असते.

मुंबईच्या एका वस्तीत दहा वर्षांच्या एका मुलाला लोकलची सगळी स्टेशनं क्रमाने पाठ होती. दिवसभर तेच बोलायचा. घरचे वैतागले होते. शेजारची दोन पोरं गल्लीत एकामागे एक धरून गाडी गाडी खेळायची. त्यांच्या आजीने सुचवलं, “अरे, त्याला घ्या की, तो सांगेल पुढचं स्टेशन.” झालं. पोरं गाडी झाली आणि हा पठ्ठ्या ‘पुढील स्टेशन चेंबूर, पुढील स्टेशन गोवंडी, पुढील स्टेशन मानखुर्द’ म्हणत मागे धावू लागला. तो म्हणेपर्यंत गाडी थांबायची नाही. त्याच्यावाचून खेळ अडायला लागला, हे महत्त्वाचं.

जोडीदार निवडताना

दहा मित्र लागत नाहीत. एक पुरतो. आपल्याला माणसांची गर्दी आवडते म्हणून मुलाला ती आवडेलच असं नाही.

शांत स्वभावाचं, नियम पाळणारं, सारखं न चिडवणारं मूल बघा. वयाने वर्ष-दोन वर्षं लहान किंवा मोठं असलं तरी चालतं. आतेभाऊ, मामेबहीण, समोरच्या खोलीतली मुलगी, कुणीही चालेल. दोन-तीन जण असले तर एकावर ओझं पडत नाही. त्यांच्या आईबापांना आधी भेटा आणि मोकळेपणाने सांगा.

घरातल्या भावंडाला मात्र कायमचा राखणदार करू नका. “तू खेळायला चाललीस तर ह्याला घेऊनच जा” हे रोज ऐकणारी बहीण भावावर रागावते, आणि तिचं चुकत नाही. तिला तिच्या वेगळ्या मैत्रिणी आणि वेगळा वेळ द्या.

त्या मुलांना काय सांगायचं

मुलांना खरं सांगितलं की कळतं. मोठ्या माणसांपेक्षा लवकर कळतं. साधारण असं बोला :

“ह्याचा मेंदू जरा वेगळ्या पद्धतीने चालतो. त्याला ऑटिझम म्हणतात. तो वेडा नाही आणि आजारीही नाही. त्याला लांबलचक बोललेलं पटकन कळत नाही. थोडक्यात सांगा आणि थोडं थांबा, तो उत्तर देईल. नुसतं बोलू नका, हाताने करून दाखवा. त्याने हात हलवले तर हसू नका, तो खूश असतो तेव्हा तसं करतो. मोठ्याने ओरडलात तर त्याचे कान दुखतात. तो चिडला तर सगळे भोवती जमू नका, मला हाक मारा.”

बस, एवढंच. दया शिकवू नका. “बिचाऱ्याला घ्या रे” म्हटलं की दोन दिवस घेतात, तिसऱ्या दिवशी कंटाळतात. “ह्याला हे भारी येतं” असं सांगा, आणि जे सांगाल ते खरं असू द्या.

पहिली भेट लहान ठेवा

एका वेळी एकच मूल बोलवा. वेळ अर्ध्या तासाच्या आत ठेवा. खेळ आधी ठरवा आणि आपल्या मुलाला सकाळीच सांगा : कोण येणार, काय खेळायचं, कधी संपणार. बोलून कळत नसेल तर पाटीवर तीन चित्रं काढा. मित्राचं चित्र, खेळाचं चित्र, खाऊचं चित्र. खाऊ झाला की भेट संपली.

दहा बाय बाराच्या खोलीत जागा कुठली, असं म्हणाल. जागा कमी चालेल, गोंगाट कमी हवा. टीव्ही बंद करा. पाहुण्यांची वेळ नको, नळाला पाणी यायची वेळ नको. घरात जमत नसेल तर दुपारची रिकामी अंगणवाडी, समाजमंदिर किंवा विहाराचा ओटा बघा. आठवड्यातून एकच दिवस ठेवा, पण तो आणि त्याची वेळ ठरलेली असू द्या. ठरलेल्या गोष्टीत या मुलांना धीर वाटतो.

खेळ रंगात असतानाच संपवा. भांडण होईपर्यंत वाट बघू नका. गोड शेवट झाला की दोघांनाही परत यावंसं वाटतं.

सुरुवातीला पाळीपाळीने खेळायचे खेळ घ्या. सापशिडी, कॅरम, पत्त्यांची जोडी लावणं. किंवा काम वाटून घ्या. डॅनियल लेगॉफ या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाने ठोकळ्यांच्या खेळाची एक पद्धत बसवली आणि २००४ साली ती मांडली. एक मूल चित्र बघून सांगतं, दुसरं हवा तो ठोकळा देतं, तिसरं बांधतं, आणि मग कामं बदलतात. एकमेकांशी बोलल्याशिवाय घर उभंच राहत नाही. आपल्याकडे महागडे ठोकळे नसले तरी काड्यापेट्या आहेत, विटांचे तुकडे आहेत, बाटल्यांची झाकणं आहेत.

कच्चा लिंबू आणि टाइमप्लीज

आपल्या गल्लीतल्या खेळांत या मुलांच्या उपयोगाचे दोन नियम आधीपासून आहेत.

पहिला, कच्चा लिंबू. लहान पोराला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. ऑटिझम असलेल्या मुलाला गटात शिरायला हा रस्ता उत्तम आहे. त्याला चुकायची मुभा मिळते आणि बघून बघून खेळ कळतो. पण महिने उलटले तरी तो कच्चा लिंबूच राहिला, तर पोरं त्याला मोजेनाशी होतात. तो धावतो, पण खेळात नसतो. म्हणून हळूहळू त्याला खरं काम द्या. लगोरीत फोडलेल्या ठिकऱ्या रचायचं, क्रिकेटमध्ये धावा मोजायचं, लपंडावात शंभरपर्यंत आकडे म्हणायचं. मग एक दिवस खरं राज्य द्या. आउट झाला तर आउट द्या.

हरणं मात्र घरी शिकवून पाठवा. वडिलांनी रोज दहा मिनिटं सापशिडी खेळावी. कधी मुलाला हरवावं, कधी स्वतः हरून मोठ्याने म्हणावं, “हरलो बुवा. राग आला. पाणी पितो. आता परत खेळू.” वहीत छोटी छोटी वाक्यं आणि काडीमाणसांची चित्रं काढून एक गोष्टही करा : ‘मी खेळायला जातो. कधी मी जिंकतो. कधी मित्र जिंकतो. हरलो की राग येतो. मी पाणी पितो. मग परत खेळतो.’ कॅरोल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेने रुळवलेली ही पद्धत आहे. खेळायला निघण्याआधी ती गोष्ट रोज वाचून दाखवा.

दुसरा नियम, टाइमप्लीज. दम लागला, चप्पल तुटली की पोरं टाइमप्लीज म्हणून बाजूला होतात आणि कुणी हरकत घेत नाही. आपल्या मुलाला हा शब्द शिकवाच. बोलत नसेल तर हाताची खूण शिकवा. आवाज सहन होईना, गर्दी झाली, की टाइमप्लीज करून ओट्यावर जाऊन बसायचं आणि बरं वाटलं की परत यायचं. बाकीच्या मुलांनाही सांगून ठेवा, त्याने टाइमप्लीज केलं की ओढायचं नाही.

एवढं करूनही कधी तो अनावर होईल, जमिनीवर लोळेल, डोकं आपटेल. हा हट्ट नव्हे, सहनशक्ती संपलेली असते. मारू नका, गर्दी हटवा, डोक्याखाली काही मऊ सरकवा, कमी बोला, शांत होऊ द्या. समजावणं नंतर.

कट्टी झाली तर

मैत्री जुळण्यापेक्षा टिकणं अवघड. पोरं सकाळी कट्टी करतात आणि संध्याकाळी बट्टी करतात. ऑटिझम असलेल्या मुलाला कट्टी म्हणजे कायमचं संपलं असं वाटू शकतं. तो दोन-दोन दिवस जेवत नाही, किंवा त्या मुलाचं नावच टाकतो. म्हणून त्याला स्पष्ट सांगा : कट्टी संपते. बट्टी कशी करायची ते घरी करून दाखवा. काय म्हणायचं, बोट कसं पुढे करायचं.

आणखी तीन गोष्टी शब्दांत सांगाव्या लागतात. इतर मुलं त्या बघून शिकतात, ह्याला सांगितल्याशिवाय कळत नाहीत. एक, माझा मित्र दुसऱ्याशीही खेळतो आणि तरी तो माझा मित्रच असतो. दोन, माझी आवडती गोष्ट मी थोडी सांगायची, मग त्याला विचारायचं, “तुला काय आवडतं?” तीन, मित्र आज ‘नको’ म्हणाला तर उद्या परत विचारायचं, पण आज सारखं सारखं विचारायचं नाही.

हात फडफडवणं बंद करायला लावणं, हनुवटी धरून डोळ्यांत बघायला लावणं, नको असताना मिठी मारायला लावणं, हे करू नका. दुसऱ्यासारखं दिसण्याची धडपड करता करता मूल थकून जातं.

मुलींकडे जास्त लक्ष द्या. त्या इतर मुलींची नक्कल करून निभावतात. लोक ‘शांत आहे, गुणी आहे’ म्हणतात आणि तिचा एकटेपणा कुणाला दिसत नाही. वयात आल्यावर तर तिला घरातच ठेवतात. मैत्रीण तिलाही हवी.

खोटी मैत्री ओळखा

या मुलांना फसवणं सोपं असतं, आणि इतर मुलांपेक्षा त्यांचा छळही जास्त होतो. शिव्या शिकवून म्हणायला लावणं, दुकानातून वस्तू उचलायला लावणं, व्हिडिओ काढून फिरवणं, हे मैत्रीच्या नावाने चालतं. मुलाला वाटतं, मला घेतलं.

त्याला पक्के नियम द्या. पैसे मागतो तो मित्र नाही. “आईला सांगू नको” म्हणतो तो मित्र नाही. कपडे काढायला सांगतो, अंगाला नको तिथे हात लावतो, तो मित्र नाही. असं झालं की आईला सांगायचं. बोलत नसेल तर आईला हाताने ओढून न्यायचं. तुमच्याही लक्षात येऊ द्या : डबा-पेन हरवतं, अंगावर वळ दिसतात, मूल अचानक शाळेला जात नाही म्हणतं, बंद झालेलं अंथरूण ओलं होणं परत सुरू होतं. मारू नका, शांतपणे चौकशी करा. मदत लागली तर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

शाळेत मधली सुट्टी बघा

वर्गात बाकडं ठरलेलं, तास ठरलेला. मधल्या सुट्टीत काहीच ठरलेलं नसतं, म्हणून हे मूल तिथेच एकटं पडतं. बाईंना किंवा सरांना भेटून दोन गोष्टी मागा. एक ठरलेला बाकसोबती, आणि मधल्या सुट्टीत एक ठरलेला खेळ किंवा काम. फळा पुसणं, झाडांना पाणी घालणं, वाचनाच्या पुस्तकांची रांग लावणं, तेही त्या सोबत्याबरोबर.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, त्यांत ऑटिझम आहे. सरकारी, अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेने ऑटिझम आहे म्हणून मुलाला नाकारायचं नाही. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तपासणी झाली नसेल तर अंगणवाडी ताईंना किंवा शाळेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाबद्दल विचारा. हे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं आणि पुढच्या तपासणीसाठी चिठ्ठी देतं. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या.

शेजाऱ्यांनो, तुमच्यासाठी

ज्यांच्या घरात असं मूल नाही, त्यांनी हा लेख बाजूला ठेवू नये. निम्मं काम तिकडे, असं म्हटलं ते तुमच्याबद्दलच. “त्याच्याशी खेळू नको” हे वाक्य आपल्या आजी-आजोबांनी लहानपणी ऐकलेलं आहे. ते आपल्या ओट्यावरून कुणाच्या लेकराला ऐकू जाता कामा नये. वाढदिवसाला त्या मुलाला बोलवा. फुगे फुटायच्या आधी पंधरा मिनिटं आलं, केक खाऊन गेलं, तरी चालेल. आणि नळावर त्याच्या आईला ‘तू काय खाल्लं होतंस पोटात असताना’ असं विचारण्यापेक्षा ‘शनिवारी पोराला आमच्याकडे पाठव’ म्हणा.

या आठवड्यात एवढं करा

मुलाच्या तीन आवडी लिहा. गल्लीतलं एक मूल मनात धरा आणि त्याच्या आईशी बोला. एक दिवस, एक वेळ, एक खेळ ठरवा. टाइमप्लीज शिकवा. वीस मिनिटं खेळू द्या, खाऊ द्या, आणि दोघांनाही सांगा की पुढच्या शनिवारी परत. पहिल्या वेळी दोघं शेजारी बसून आपापलंच खेळले, तरी भेट वाया गेली असं समजू नका. अशा पुष्कळ मैत्र्या शेजारी शेजारी बसूनच सुरू होतात.